ऑपरेशनची बॅग दोनदा भरावी लागते



खेड तालुक्यातल्या एका बहिणीचं पत्र आलं आहे. त्यांचे मियाँ सत्तावीस वर्षं शारजाला नोकरीत आहेत. उजवा गुडघा पूर्ण झिजलाय, डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितलं आहे. तिकडचा खर्च झेपणारा नाही म्हणून मुंबईत ऑपरेशन करायचं ठरलंय. बहिणीने विचारलंय, "येताना बॅगेत काय काय आणायला सांगू?"

आखातातला आपला माणूस घरी येतो ती बॅग आपल्याला पाठ असते. अत्तर, चॉकलेट, दूध पावडरचे डबे, पोरांचे बूट. ऑपरेशनला येणाऱ्याने ही बॅग यावेळी विसरावी. या बॅगेत निम्मे कागद असतात आणि उरलेल्या निम्म्यात फार काही लागत नाही.

कागदांचं आधी बोलू. तिकडे काढलेल्या एक्स-रे आणि एमआरआयचा नुसता रिपोर्ट आणून चालत नाही, सर्जनला चित्रं पाहायची असतात. म्हणून सीडी किंवा फिल्म मागून घ्या. गुडघ्याचा एक्स-रे उभं राहून काढलेला असावा, कारण झोपून काढलेल्यात झीज नीट दिसत नाही. रिपोर्ट अरबीत असेल तर दवाखान्याकडूनच इंग्रजी प्रत घ्या. पूर्वी कधी ऑपरेशन झालं असेल, भूल दिल्यावर त्रास झाला असेल, एखाद्या औषधाने अंगावर पुरळ उठली असेल, तर ते एका कागदावर लिहून वर ठेवा. मी वॉर्डात असताना पाहिलंय, "ॲलर्जी आहे का?" विचारलं की पेशंट बायकोकडे बघतो आणि बायको सासूकडे!

औषधांची यादी करताना गोळीच्या ब्रँडचं नाव पुरत नाही. तिकडे जी पॅनाडॉल, तीच इकडे क्रोसिन किंवा डोलो, तिन्हींत औषध पॅरासिटामॉलच. बीपीच्या, साखरेच्या गोळ्यांचंही असंच. नावं वेगळी म्हणून माणूस तिकडची एक आणि इकडची एक अशा दोन घेतो आणि बीपी एकदम खाली जातं. म्हणून खोक्यावर ब्रँडखाली बारीक अक्षरात लिहिलेलं मूळ औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा, हे लिहा. गोळ्या मूळ खोक्यातच आणा आणि हातातल्या बॅगेत ठेवा, कार्गोच्या बॅगेत नको. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे सर्जनला तिकडून निघायच्या आधीच विचारायचं. कुणाचं ऐकून आपल्या मनाने थांबवायची नाही आणि न सांगता चालूही ठेवायची नाही.

तिकीट काढायच्या आधी तीन गोष्टी तिकडेच तपासून घ्या. तीन महिन्यांची साखर दाखवणारी एचबीएवनसी, ईसीजी आणि दात. दात वाचून हसू नका. किडलेल्या दाढेतले जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत जाऊ शकतात. लघवीची जळजळ, पायाच्या बोटांमधली चिखली, पायावरची जखम, यातलं काही असेल तर सर्जन तारीख पुढे ढकलतो. मग महिन्याच्या सुट्टीतले दहा दिवस मुंबईत बसून जातात. आणि गुडघ्यावरचे केस घरी वस्तऱ्याने काढून येऊ नका. बारीक कापलेल्या जागेतून संसर्ग होतो. काढायचे असतील तर हॉस्पिटलमध्ये मशीनने काढतात.

पैशाचं. कंपनीचा विमा बहुतेक वेळा त्याच देशातल्या ठरावीक हॉस्पिटलांपुरता असतो. भारतात चालेल का, आधी मंजुरी लागते का, हे एचआरला ईमेलने विचारा, तोंडी नको. इथल्या हॉस्पिटलला एका बिलापोटी २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, प्राप्तिकर कायद्यात तसं आहे. पिशवीत नोटा घेऊन येणाऱ्या मेहुण्याला हे आधीच सांगून ठेवा. बँकेतून वळते करा, आणि परदेशी कार्ड वापरणार असाल तर त्याची मर्यादा वाढवून घ्या. सांध्याची किंमत बिलात वेगळी दाखवायला सांगा. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींना वरची मर्यादा घातली, त्यावेळी नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला ५४,७२० रुपये आणि वर जीएसटी अशी. त्याआधी लोकांनी याच सांध्याला दीड लाखाच्या वर मोजले आहेत. तेव्हा विचारायला संकोच कसला?

ज्यांचे नातेवाईक केपटाउन किंवा लंडनला कायमचे स्थायिक झालेत आणि तिकडचा पासपोर्ट घेतलाय, त्यांना नुसत्या टुरिस्ट व्हिसावर मोठ्या ऑपरेशनला बोलावू नका. ओसीआय कार्ड असेल तर प्रश्न नाही. नसेल तर मेडिकल व्हिसा असतो, आणि सोबतच्या दोन माणसांपर्यंत वेगळा व्हिसा मिळतो.

कपडे थोडेच. सैल लुंगी किंवा मोठ्या घेराचे लेंगे, पुढून उघडणारे सदरे. बाईमाणूस असेल तर मॅक्सी आणि दोन मोठ्या ओढण्या. पायात मागे पट्टा असलेली सँडल हवी. नुसत्या सपाता घालून वॉकर धरला की घसरायची भीती. चष्म्याची आणि कवळीची डबी, लांब वायरचा चार्जर, तयम्मुमसाठी काही ठेवत असाल तर ते. बांगड्या, नथ, चमकी घरी काढून ठेवा. लग्नघरातून थेट ऑपरेशनला येणाऱ्या बायकांनी दोन-तीन बोटांच्या नखांना मेहंदी लावू नये, कारण ऑक्सिजन मोजायचं यंत्र नखावरच लावतात.

बॅगेइतकीच घराची तयारी लागते. खेडकडच्या आपल्या जुन्या घरांना जोतं उंच, पायऱ्या दगडी आणि संडास उकिडवं बसायचा. सांधा बदललेल्या माणसाला यातलं काहीच जमत नाही. टाके निघेपर्यंत मुंबईत नातेवाइकांकडे, लिफ्ट असलेल्या जागी राहिलात तर बरं. गावी न्यायच्या आधी कमोडची खुर्ची, थोडा उंच पलंग आणि मोरीत धरायला कडी एवढं करून ठेवा. नमाज खुर्चीवर बसून पढायची तयारी मनाशी आधीच करावी. काही मंडळी हट्टाने जमिनीवर बसायला जातात आणि मग उठवायला चौघं लागतात. वुजूच्या वेळी ड्रेसिंग भिजवायचं नसतं. त्यावर मसह कसा करायचा ते मौलानांना हॉस्पिटलला जायच्या आधी विचारून ठेवा.

आणि भेटायला येणारे! आखी मोहल्ला येतो, प्रत्येकजण केळी आणतो आणि प्रत्येकाला जखम बघायची असते. पहिले पंधरा दिवस ड्रेसिंग डॉक्टर-नर्सशिवाय कुणी उघडू नये. हे सांगायचं काम घरातल्या एकाने पत्करावं.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. सगळे येतानाची बॅग विचारतात, परत जातानाची कुणी विचारत नाही. खरा धोका तिथे आहे.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दुखण्यासाठी इकडे सर्रास ट्रामाडॉल लिहून देतात. अल्ट्रासेट नावाची गोळी घरोघरी दिसते, तिच्यात पॅरासिटामॉलबरोबर ट्रामाडॉल असतं. पायाच्या जळजळीसाठी प्रेगाबालिन देतात. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं. आपल्याकडे ही चिठ्ठीवर मिळणारी साधी औषधं. संयुक्त अरब अमिरातीत ही नियंत्रित औषधं आहेत. तिकडे नेण्याआधी सरकारकडे ऑनलाइन अर्ज करून परवानगी घ्यावी लागते, डॉक्टरांची चिठ्ठी आणि रिपोर्ट जोडावे लागतात. परवानगीविना विमानतळावर सापडली तर चौकशी, अटक, खटला, नोकरी जाणं, यातलं काहीही होऊ शकतं. "मला माहीत नव्हतं" हे तिथे उत्तर नाही. आखातातल्या इतर देशांतही नियम कडक आहेत, प्रत्येकाचे वेगळे.

म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच डॉक्टरांना सांगा, "मी अमुक तारखेला शारजाला परत जाणार आहे, तिथे चालतील अशाच गोळ्या लिहा." जायची वेळ येईपर्यंत बहुतेकांचं दुखणं नुसत्या पॅरासिटामॉलवर आलेलं असतं. उरलेल्या पट्ट्या इथेच ठेवून जा. सुट्या गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत नेऊ नका. आणि शेजाऱ्याच्या मुलासाठी "फक्त दोन औषधाची पाकिटं" कुणी दिली तर नाही म्हणा. वाईट वाटलं तर वाटू द्या.

परत जायची घाई नको. मोठ्या सांध्याच्या ऑपरेशननंतर विमानात पाय लटकवून बसलं की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. सर्जन साधारण सहा आठवडे तरी थांबायला सांगतात. म्हणजे महिन्याची सुट्टी पुरत नाही, रजेचा अर्ज तसाच करा. मात्र सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर अमिरातीचा राहण्याचा व्हिसा धोक्यात येतो, तोही हिशेब ठेवा. जाताना कडेची सीट घ्या, व्हीलचेअर आधी सांगून ठेवा, डॉक्टरांचं विमानप्रवासाचं पत्र आणि सांध्याचं स्टिकर लावलेलं कार्ड खिशात असू द्या. मशीन वाजणारच.

शेवटचं घरच्या बायकांसाठी. अशक्तपणावर म्हणून आपण डिंकाचे लाडू करून बॅगेत भरतो, आणि त्यात खसखस घालतो. अमिरातीत खसखस बंदी असलेल्या जिनसांत मोडते. लाडवातली असो की मसाल्याच्या पुडीतली. लाडू करायचेच असतील तर खसखस वगळून करा, नाहीतर सहा आठवडे माणूस घरीच आहे, तेवढ्यात खाऊ घाला.