विणकामाला हक्काची पिशवी



थंडीची चाहूल लागली की लोकर आणि सुया कपाटातून बाहेर निघतात. रंग कोणता, नमुना कोणता, यावर आपण तासभर बोलतो. पण हे सामान ठेवायचे कशात, याचा विचार करत नाही. मिळेल त्या पिशवीत कोंबून मोकळ्या होतो.

आमच्या अम्मीचेही तसेच होते. दुकानातून आलेली प्लास्टिकची पिशवी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेली असे. त्यात अब्बांचा राखाडी स्वेटर होता. पाठ झाली होती, पुढचा भाग निम्म्यावर आला होता. एक दिवस अचानक पाहुणे आले आणि पिशवी घाईघाईने दिवाणाखाली गेली. सुई पिशवी फाडून बाहेर आली, टाके सुटले, लोकर गुंतली. अम्मीने ती पुन्हा हातात घेतली नाही. तो स्वेटर अब्बांच्या अंगावर कधी आलाच नाही.

चूक आमच्याही हातून झाली. गेल्या वर्षी बाजारातून एक छान दिसणारी चेनची पिशवी आणली. एसटीतून उतरताना चेन ओढली आणि भाचीच्या टोपड्याची लोकर तिच्या दातांत अडकली. सोडवताना धागा तुटला. तेव्हापासून पिशवी घेताना आम्ही दिसण्याआधी पुढील गोष्टी पाहतो.

पहिली गोष्ट माप. लांब सुया साधारण 14 इंचांच्या असतात, म्हणून पिशवी 16 इंच तरी उंच हवी. क्रोशाचे किंवा गोल सुईवरचे काम असेल तर लहान पिशवीही पुरते. पूर्ण स्वेटरची सगळी लोकर बरोबर नेऊ नये; दोन गुंडे पिशवीत, बाकीचे घरी.

दुसरी गोष्ट कापड. जाड सुती कापड किंवा जुनी जीन्स उत्तम. जाळीतून आणि पातळ प्लास्टिकमधून सुया बाहेर येतात. आतले अस्तर गुळगुळीत आणि फिक्या रंगाचे असावे, म्हणजे लोकर अडकत नाही आणि पडलेली सुई लगेच दिसते.

तिसरी गोष्ट तोंड आणि तळ. चेन आणि चिकटपट्टी दोन्ही लोकर ओढतात. बटण किंवा नाडी बरी. तळ सपाट असला की पिशवी उभी राहते आणि गुंडा आतल्या आत फिरतो.

कात्री, टेप, बोथट सुई आणि ओळी टिपण्याची छोटी वही यांना वेगळा कप्पा हवा. काम थांबवताना सुईच्या टोकाला खोडरबराचा तुकडा खोचावा, टाके गळत नाहीत. अस्सल लोकरीला कसर लागते, म्हणून हंगाम संपल्यावर विणलेले कपडे धुऊन, पूर्ण वाळवून मगच ठेवावेत.

बाजारात मनासारखी पिशवी मिळाली नाही तर घरी शिवावी. 36 इंच पन्ह्याचे एक मीटर कापड आणि तेवढेच अस्तर पुरते. बंद रुंद ठेवावेत, खांद्याला काचत नाहीत.

परवा अशीच एक पिशवी आम्ही अम्मीसाठी शिवली. "माझ्यासाठी कशाला एवढा खटाटोप, बेटा?" ती म्हणाली. घरातल्या बहुतेक बायका आपल्या कामाबद्दल हेच म्हणतात. मुलाच्या दप्तराला खुंटी असते, घरच्या कर्त्याच्या कागदांना कपाट असते. आपल्या हातातल्या कामाला मात्र दाराआडचा खिळा. आम्ही काही न बोलता बैठकीच्या खोलीतल्या खुंटीवर पिशवी अडकवली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर अम्मी चष्मा लावून टाके मोजत बसली होती. पाहुणे बसलेले होते आणि पिशवी तिच्या पायाशी उभी होती.