अमेरिकेंतील मालमोटारी आणि मोठीं पेट्रोल-इंजिनें

डिझेल म्हणजे जड कामाचें इंजिन व पेट्रोल म्हणजे हौसेच्या मोटारीचें, ही समजूत आपल्या शेतकरीवर्गांत इतकी दृढ झाली आहे कीं, तिच्याविरुद्ध कांहीं कानांवर आल्यास प्रथम विश्वासच बसत नाहीं. तथापि ज्या अमेरिकेंत शेतकऱ्याच्या दारांत मालमोटार असणें ही नित्याची गोष्ट आहे, तेथें फोर्ड कंपनीनें २०२० सालच्या आपल्या जड मालमोटारींसाठीं ७.३ लिटरचें, आठ सिलिंडरांचें व ४३० अश्वशक्तीचें अगदीं नवें पेट्रोल-इंजिन तयार केलें. त्याच सालच्या गाड्यांसाठीं जनरल मोटर्सनें ६.६ लिटरचें, ४०१ अश्वशक्तीचें पेट्रोल-इंजिन काढलें. या दोन्ही कंपन्यांजवळ त्याच गाड्यांत बसणारीं दणकट डिझेल-इंजिनें होतीं. मग हा खटाटोप कशासाठीं?

अमेरिकन लोकांस स्वस्त पेट्रोल उधळण्याची संवयच आहे, असें उत्तर पुष्कळदां देण्यांत येतें. तें सोपें आहे, पण अपुरें आहे. खरें कारण इंजिनाच्या पोटांत नसून त्याच्या धूरनळींत आहे, असें आमचें मत आहे.

डिझेल-इंजिनांत हवा इतकी दाबली जाते कीं, तिच्या उष्णतेनेंच तेल पेट घेतें. ठिणगीची जरूर पडत नाहीं. हा दाब सोसण्यास इंजिन जाड व भारी करावें लागतें, आणि तेल फवारणारा पंपहि तितकाच बळकट लागतो. हा खर्च पूर्वींपासूनचाच. परंतु २००७ आणि २०१० सालीं अमेरिकेंत धुराविषयींचे कडक नियम अमलांत आले व सर्व हिशेब पालटला. पेट्रोल-इंजिनांत हवा व इंधन यांचें प्रमाण नेमकें राखतां येतें. त्यामुळें धूरनळींतील एकाच जातीचा कन्व्हर्टर तिन्ही मुख्य अपायकारक वायूंचा निकाल लावतो. डिझेल-इंजिनांत हवा नेहमींच जास्त असते, म्हणून नायट्रोजनच्या ऑक्साइडांपुढें हा उपाय चालत नाहीं. त्यासाठीं युरियाचें द्रावण फवारणारी वेगळी यंत्रणा, तिची वेगळी टांकी, आणि काजळी अडविण्यास आणखी एक गाळणी, असा संसार गाडीखालीं मांडावा लागला.

ही गाळणी भरली म्हणजे आंतील काजळी जाळून टाकावी लागते, आणि त्याकरितां धूर पुरेसा तापला पाहिजे. लांब पल्ल्यावर ओझें ओढणाऱ्या गाडीस याची अडचण भासत नाहीं. जी गाडी दोन मैल जाते, उभी राहते व पुन्हा दोन मैल जाते, तिची गाळणी मात्र तुंबते. युरियाच्या यंत्रणेंत बिघाड झाला कीं गाडी आपोआप मंदावते, ही तेथील शेतकऱ्यांची जुनी तक्रार. ती इतकी वाढली कीं, ऑगस्ट २०२५ मध्यें आयोवा राज्याच्या वार्षिक जत्रेंत तेथील पर्यावरण खात्याच्या प्रमुखांस या नियमांत ढिलाई जाहीर करावी लागली. कारखानदारांसहि हें प्रकरण स्वस्त पडलेलें नाहीं. मालमोटारींच्या डिझेल-इंजिनांतील धुराच्या बाबतींत लबाडी केल्याच्या आरोपावरून कमिन्स कंपनीनें डिसेंबर २०२३ मध्यें तडजोड केली व १६७ कोटि ५० लक्ष डॉलर दंड भरण्याचें मान्य केलें.

आतां पैशाकडे वळूं. अशा गाडींत डिझेल-इंजिन घेतल्यास सुमारें दहा हजार डॉलर अधिक मोजावे लागतात. उदाहरणादाखल धरूं कीं, पेट्रोलची गाडी गॅलनास १० मैल जाते व डिझेलची १३ मैल, पेट्रोल ३.२५ डॉलर गॅलन व डिझेल ३.९० डॉलर गॅलन आहे. पहिलीस मैलामागें साडेबत्तीस सेंट पडतात व दुसरीस तीस. बचत अडीच सेंटांची. दहा हजार डॉलर भरून निघण्यास चार लक्ष मैल चालावें लागेल! दोन्ही इंधनें एकाच भावानें मिळालीं असतीं तर हेंच काम सुमारें १ लक्ष ३३ हजार मैलांत झालें असतें. पण तेथील केंद्रीय करच पेट्रोलवर गॅलनास १८.४ सेंट व डिझेलवर २४.४ सेंट आहे.

म्हणून फोर्डनें आपलें नवें इंजिन मुद्दाम साधें ठेवलें: बिडाचा ठोकळा, त्यांतच एक कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरास दोनच झडपा. यास कोणी मागासलेपणा म्हणोत. दुरुस्तीचें बिल ज्यास द्यावें लागतें, तो तसें म्हणणार नाहीं.

एक गोष्ट मात्र आम्हांस पसंत नाहीं. भारासह ८,५०० पौंडांहून (सुमारें ३,८५० किलो) अधिक वजनाच्या गाडीवर, ती गॅलनास किती मैल जाते याची सरकारी चिठ्ठी लावण्याचें बंधन तेथें नाहीं. ज्यास सर्वांत अधिक इंधन जाळावयाचें, त्यालाच आंकडा मिळत नाहीं. तसेंच, जो शेतकरी रोज गुरांनीं भरलेला जड ट्रेलर घेऊन डोंगर चढतो-उतरतो, त्यास डिझेलच घेतलें पाहिजे. त्या ओझ्याखालीं पेट्रोल-इंजिनाची भूक फार वाढते, आणि उतारावर गाडी आवरून धरण्यासहि डिझेलचा धूर-ब्रेक अधिक उपयोगी पडतो.

आपल्याकडे इतक्या मोठ्या पेट्रोल-इंजिनास वाव नाहीं. येथें पेट्रोल महाग आहे व डिझेल अजून कांहींसें स्वस्त. पण ऑक्टोबर २०१४ मध्यें डिझेलच्या किंमतीवरील सरकारी नियंत्रण उठलें, आणि १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ चे नियम लागू झाले. त्याच सुमारास मारुतीनें डिझेल-मोटारी बंद केल्या, व आपण ज्यास ‘छोटा हत्ती’ म्हणतों त्या गाडीचीहि पेट्रोल-आवृत्ति बाजारांत आली. आठ मैलांवरील मंडईंत भाजी टाकून परतणारी गाडी आणि दिवसभर महामार्गावर धांवणारी गाडी यांचा हिशेब एक नव्हे. विक्रेता लिटरमागें किती चालते तें सांगेलच; गाळणी तुंबल्यास काय करावें लागतें, व ती बदलण्यास किती पडतात, हेंहि त्याच बैठकींत विचारून घ्यावें.