निसर्गाचा खंड कोणाचा?

नॉर्वेच्या सुबत्तेचे श्रेय तेथील निसर्गाला देऊन मोकळे होण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. हे निदान अपुरे आहे. ज्या देशात लागवडीखालील जमीन जेमतेम तीन टक्के आहे आणि ज्याच्या उत्तर भागात हिवाळ्यात सूर्य कित्येक आठवडे उगवतच नाही, त्या देशावर निसर्ग प्रसन्न आहे असे सरसकट म्हणता येत नाही. अटलांटिकच्या उष्ण प्रवाहामुळे ध्रुववृत्तापलीकडेही न गोठणारी बंदरे, पश्चिम किनाऱ्यावरचा मुबलक पाऊस आणि हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्यांत कोसळणारे धबधबे ही त्याची देणगी खरी. परंतु हेच धबधबे असताना एकोणिसाव्या शतकात लाखो नॉर्वेजियन पोटासाठी अमेरिकेला गेले, हे विसरून चालणार नाही.

फरक पडला तो कायद्याने. १९०५ साली स्वतंत्र झालेल्या या राष्ट्राने धबधबे परकीय भांडवलाच्या हाती जात आहेत हे पाहून १९०६ साली तातडीचा कायदा केला. १९०९ च्या कायद्याने खासगी परवान्यास मुदत घातली. मुदत संपताच धबधबा यंत्रसामग्रीसह विनामोबदला सरकारजमा! १९६९ साली उत्तर समुद्रात एकोफिस्क येथे मोठा तेलसाठा सापडला, तेव्हा हीच परंपरा कामी आली. १९७२ साली सरकारी तेल कंपनी निघाली. तेलाच्या नफ्यावर एकूण ७८ टक्के कर बसला. १९९० च्या कायद्याने पुढील पिढ्यांसाठी निधी स्थापन झाला. श्रमाविना मिळणाऱ्या या आधिक्याला अर्थशास्त्र ‘खंड’ म्हणते. तो भांडवलदाराच्या खिशात न जाता समाजाकडे यावा, हा समाजवादाचा जुनाच आग्रह आहे.

तथापि सरकारी मालकी म्हणजे न्याय नव्हे. आल्टा नदीवरील धरणाविरुद्ध १९७९ साली सामी आदिवासींनी ओस्लोत संसदेसमोर उपोषण केले, धरण झालेच. २०२१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने फोसेन येथील पवनचक्क्यांमुळे रेनडिअर पाळणाऱ्या सामींच्या हक्कांचा भंग झाल्याचा निर्णय दिला; तरीही पाती फिरतच राहिली आणि २०२३ साली तरुणांना मंत्रालयात ठाण मांडावे लागले. शिवाय घरी जलविद्युत वापरून परदेशी तेल विकणारे राष्ट्र हवामानबदलाच्या जबाबदारीतून सुटत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ साली गोव्याच्या लोहखनिजाच्या विक्रीतील दहा टक्के रक्कम स्थायी निधीत टाकण्याचा आदेश दिला. तत्त्व मान्य झाले, पण उरलेल्या नव्वद टक्क्यांचे काय, आणि ज्यांच्या गावात खाण आहे त्यांना नकाराचा अधिकार आहे काय? हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारणे हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे. पहिला विसरला तर लूट चालू राहील. दुसरा विसरला तर लुटारू तेवढा बदलेल.