सामाजिक पाहणी आणि मजुराची संमति

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं १९१७ सालीं पिंपळे सौदागर गांवची पाहणी प्रसिद्ध केली. तेथील खात्याचें सरासरी क्षेत्र १७७१ मध्यें ४० एकर होतें, तें १९१५ पर्यंत ७ एकरांवर आलें, हें तीमुळेंच कळलें. तेव्हां अशा चौकशांस आमचा विरोध नाहीं.

परंतु आमच्या रायगड किनाऱ्यावर येणारे पाहणीदार बहुधा मोठ्या घराच्या ओटीवर बसतात आणि तेथेंच कातकरी मजुरास बोलावून उचल किती, मजुरी किती, असें विचारतात. मालक समोर सुपारी कातरीत बसला असतां तो खरें कसें सांगणार? सांगितलेंच, तर पुढच्या लावणीस त्यास काम कोण देणार? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही, गांवच्या पुढाऱ्यांची परवानगी ही व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊं शकत नाहीं, असें म्हटलें आहे. तीं तत्त्वें आरोग्यविषयक खरीं. पण मजुराची भीति विषय पाहून येत नाहीं.

नांव गाळलें म्हणजे ओळख बुजली, असेंही नाहीं. ‘बाहेरकाठ्यालगतची विधवा खातेदार’ इतकें छापलें तरी गांवास घर कळतें. जमिनीच्या दलालासही कळतें.

आमच्या शेतकरी बंधूंनीं पाहणीदारास पाणी द्यावें, चौकशीचा हेतु काय व कागद कोठें जाणार हें विचारावें, आणि मजुराशीं बोलणें सुरू होतांच ओटीवरून उठून शेताकडे जावें.