नाटकाच्या तालमी व आपली बोली

विद्यार्थ्यांच्या नाट्यप्रयोगाचें मोल टाळ्या किती पडल्या यावरून ठरविण्याची रीत सर्वत्र आहे. आमचें मत याहून निराळें आहे. प्रयोग एका सायंकाळीं संपतो. तालमी तीन तीन आठवडे चालतात, आणि मुलांच्या पदरीं जें कांहीं पडतें तें बहुतेक तालमींतच पडतें. असें असतां त्या तालमींचें दार कोणाकोणास उघडावयाचें, हा प्रश्न शिक्षकांनीं व पालकांनीं मनावर घेण्याजोगा आहे. गेल्या स्नेहसंमेलनाच्या वेळीं या बाबतींत आमच्या हातून एक चूक झाली, ती येथें प्रांजलपणें सांगतों.

लूककृत शुभवर्तमानांतील उधळ्या पुत्राच्या दृष्टांतावर एक छोटेखानी नाटक बसवावयाचें ठरलें. पात्रें निवडतांना आम्हीं प्रत्येकाकडून एक उतारा वाचून घेतला, आणि ज्यांचें मराठी ‘शुद्ध’ त्यांना बापाची व दोन्ही मुलांचीं कामें दिलीं. आमच्या शाळेंतील पुष्कळ मुलें अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या आसपासच्या वस्त्यांतून येतात. कोणाच्या घरीं तेलुगू, कोणाच्या घरीं कन्नड, तर कोणाच्या घरीं उर्दू बोलतात; त्यामुळें त्यांच्या मराठीस एक निराळा हेल असतो. अशा मुलांना आम्हीं चाकरांच्या घोळक्यांत उभें केलें. त्यांतील एका तेलुगुभाषी मुलाला एकच वाक्य मिळालें : धाकटा भाऊ परत आल्याची वर्दी थोरल्यास देण्याचें.

शेवटच्या आठवड्यांत शाळेचें सभागृह मोकळें मिळेना, तेव्हां एका पालकांनीं एमआयडीसींतील आपलें रिकामें गोदाम तालमीसाठीं दिलें. शेजारीं चादरी व टॉवेल विणणारे यंत्रमाग चालू होते. त्या खडखडाटांत आमच्या निवडक नटांचे शब्द चार हातांवरच विरून जाऊं लागले. थोरला भाऊ रागानें काय बोलतो, तें समोर बसलेल्या आम्हांलाही कळेना. इतक्यांत त्या चाकरानें आपलें वाक्य म्हटलें, आणि तें दाराशीं बसलेल्या पहारेकऱ्यालाही ऐकूं गेलें. तो ओरडला नव्हता. त्यानें दम भरून घेतला, शब्द शब्द सुटा केला, आणि ज्याला सांगावयाचें त्याच्या तोंडाकडे पाहून सांगितलें. आम्हीं विचारतां तो म्हणाला, ‘सर, वडिलांना कारखान्यात डबा द्यायला जातो, तेव्हा असंच बोलावं लागतं.’ पुढें चार दिवसांत त्यानें इतरांनाही ही हातोटी शिकविली. भूमिका बदलण्यास मात्र वेळ उरला नव्हता. प्रयोगांत तो एका वाक्याचाच धनी राहिला, याची रुखरुख आम्हांस अजून आहे.

भाषेची शुद्धता आम्ही तुच्छ लेखत नाहीं. चांगलें मराठी बोलतां यावें, हा शाळेंत नाटक बसविण्याचा एक मोठा हेतूच आहे. एकच वाक्य वीस वेळां म्हणतांना जीभ वळते, शब्दांचें लिंग अंगवळणी पडतें, वाक्य कोठें तोडावें तें उमगतें. परंतु जें तालमींत मिळवावयाचें, तेंच दाराशीं शुल्क म्हणून मागणें हा कोठला न्याय?

मराठी रंगभूमीचा इतिहासही याच बाजूनें साक्ष देतो. कर्नाटकांतून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीस झाले. ते पाहून श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन यांनीं विष्णुदास भावे यांना तसे खेळ मराठींत रचावयास सांगितलें, आणि १८४३ सालीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आलें. १८८० सालीं ‘शाकुंतल’ आणून संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे कानडी मुलखांतील गुर्लहोसूरचे. कानडीच्या शेजारानें मराठी नाटक बिघडलें नाहीं, उलट वाढलें. आणि आपल्या सोलापुरच्याच फैयाज यांनीं १९६७ सालीं रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकांत झरीनेची भूमिका गाजविली. पुढें २०१५ सालीं बेळगांवच्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या.

तेव्हां आमची सूचना अशी कीं, पहिला आठवडा कोणासच भूमिका वांटूं नये. सर्वांनीं सर्व भूमिका आळीपाळीनें वाचाव्या, आणि मग निवड व्हावी. प्रत्येक मुख्य भूमिका दोघांनीं पाठ करावी. पालकांचें म्हणणें असें कीं, तालमींनीं अभ्यास बुडतो व मुलांस घरीं येण्यास उशीर होतो. तें खोटें नाहीं. म्हणून तालीम शाळा सुटल्यावर एकच तास चालावी, आणि दूरच्या वस्तींतील मुलें अंधार पडण्यापूर्वीं घरीं पोहोंचावीं. इतकें शाळेनें पाळलें, तर ‘आमच्या मुलाला नीट मराठी येत नाहीं, त्याला नाटक कशाला?’ असें पालकांनींही म्हणूं नये. त्यालाच तर नाटक अधिक हवें.

ज्या दृष्टांतावर आम्हीं नाटक केलें, त्यांतील बाप एका मुलाला भेटावयास धांवत पुढें जातो, आणि रुसलेल्या दुसऱ्याची समजूत घालावयास स्वतः घराबाहेर येतो. आंत येण्यापूर्वीं तो कोणाचीच परीक्षा घेत नाहीं. तीन आठवडे हीच गोष्ट मुलांस शिकवीत असतां ती आमच्याच ध्यानांत आली नाहीं. यंदा पात्रांची निवड होईल तेव्हां ती आम्ही विसरणार नाहीं; आणि विसरलोंच, तर मुलांनीं निःसंकोचपणें आठवण करून द्यावी.