आधी वायर, मग बल्ब

बेळगावातल्या आपल्या बऱ्याच घरांत वडिलांची जुनी गाडी अजून जपलेली आहे. आमच्याकडे १९८६ ची पद्मिनी. कुलदेवतेला गोव्यात जायचं म्हणजे चोर्ला घाट, पाऊस आणि धुकं. दिवे मिणमिणते, म्हणून मी १००/९० वॅटचे बल्ब बसवले. दुसऱ्याच खेपेला घाटात डॅशबोर्डमागून जळका वास आला. स्विचजवळची वायर वितळली होती. मागच्या सीटवर आई होती.

वायरिंगवाले मामा म्हणाले, "बल्बात काय नाही की हो, वायर मेलीय बघा."

मूळच्या ६०/५५ वॅटच्या जोडीला अप्परवर १० अँपियर लागतात, १०० वॅटच्या जोडीला जवळपास १७. तो सगळा करंट चाळीस वर्षांच्या स्विचमधून जात होता. मामांनी बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर ओढली, रिले बसवले, अर्थिंग घासून साफ केलं आणि मूळ वॅटचेच बल्ब परत लावले. तरी उजेड चांगलाच वाढला! कारण बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं, की उजेड जवळजवळ ३० टक्के घटतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये पांढरे एलईडी कोंबू नका. उजेड भलतीकडे पसरतो, समोरच्याचे डोळे दिपतात. वळणावर त्याच्याही गाडीत कुणाची तरी आई बसलेली असते.

वडिलांची गाडी जपायची ना? मग पॉलिश नंतर, आधी वायरिंग उघडून बघा.