वजनकाट्यावरचा कचरा

कचऱ्याच्या ट्रकला डेपोच्या दारात एकच प्रश्न विचारला जातो : वजन किती? अनेक महापालिका खासगी ठेकेदाराला टनामागे पैसे मोजतात. मग कचऱ्याला पाणी सुटलेले असो की तळाशी राडारोडा दडवलेला असो, काटा जड झाला की बिलही जड. कचरा आवरायला नेमलेल्याचाच कचरा वाढण्यात फायदा, असा हा उफराटा व्यवहार.

इंदूरने करार वेगळा केला. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी तेथे रोज ५५० टन ओला कचरा पचवू शकणाऱ्या बायो-सीएनजी प्रकल्पाचे उद्घाटन झाले. दीडशे कोटींची गुंतवणूक खासगी कंपनीची, दिवसाला १७ हजार किलो वायूची क्षमता. त्यातला किमान निम्मा वायू शहर बससाठी महापालिकेने विकत घ्यायचा आणि कंपनीने महापालिकेला वर्षाला अडीच कोटी रुपये द्यायचे, असे ठरले. कंपनी दानशूर होती म्हणून हे जुळले नाही. घरातून ओला कचरा वेगळा निघतो आणि गाडीतही वेगळाच राहतो, म्हणून त्याला किंमत आली.

पुण्याने उलटा धडा गिरवला आहे. फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या डेपोवर रोज हजार टनांचा खासगी प्रकल्प उभा राहिला, पण पूर्ण क्षमतेने चालला नाही. विहिरी नासलेल्या गावकऱ्यांना गाड्या अडवाव्या लागल्या.

त्याच पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे. १९९३ च्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेतून ती उभी राहिली. तीन हजारांहून अधिक सभासद, बहुसंख्य स्त्रिया. दुधाच्या पिशव्या, पुठ्ठा, बाटल्या हाताने वेगळ्या होतात, कारण त्या विकून आलेले पैसे वेचणारीचेच. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना मात्र भंगारात फारशी किंमत नाही, ती बहुधा तशीच उरतात. खासगी सहभाग म्हटले की आपल्याला मोठी यंत्रेच का आठवतात, कोण जाणे! पैसा वजनात नसून वर्गीकरणात आहे, हे या बायकांना निविदा न वाचताही कळते.

तेव्हा पुढच्या निविदेत वर्गीकृत आणि मिश्र कचऱ्याचे दर वेगळे असावेत, सुक्या कचऱ्यावर कचरावेचकांचा हक्क लेखी असावा. आणि प्रक्रियेनंतर उरलेला ढिगारा पुन्हा एखाद्या गावाच्या शिवारात ओतण्याची मुभा कोणत्याही कंपनीला देऊ नये.